नवख्या सहकाऱ्यासोबत ऑफिसचा दौरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दौऱ्याच्या मंजुरीत आपल्या नावाखाली एखादं नवीन नाव दिसलं की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे स्वतः सराईत असतात, धास्ती असते ती सोबतच्याची. नवखा म्हणजे कामात कच्चा असं समजू नका. कामात वाघ असलेला माणूसही पहिल्यांदा दौऱ्यावर निघाला की नवखाच असतो. माझा सल्ला बहुतेक ठिकाणी एकच निघेल: ज्या चुका निस्तरता येत नाहीत तिथे आधीच आडवे या, बाकीच्या त्याला खुशाल करू द्या. ‘तो’ लिहिलंय तिथे ‘ती’सुद्धा धरा. जिथे फरक पडतो तिथे वेगळं उत्तर आहे (प्रश्न १५).

१. मी त्याचा बॉस नाही, फक्त सोबत जातोय. मग माझी जबाबदारी नेमकी काय?

कागदोपत्री बहुधा काहीच नाही. कर्मचाऱ्याच्या प्रवासातल्या सुरक्षिततेची काळजी संस्थेने घ्यायची असते. प्रवासातल्या जोखमीबद्दल ‘आयएसओ ३१०३०’ हे मार्गदर्शक मानक २०२१ साली आलं, तेही संस्थांसाठीच आहे. पण काही बिनसलं की फोन तुम्हालाच येणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून निघण्याआधी साहेबांना सरळ विचारा, “तो माझ्याकडून शिकायला येतोय, की त्याचं स्वतःचं काम घेऊन येतोय?” शिकायला येत असेल तर दिवसाचा कार्यक्रम तुम्ही ठरवायचा. स्वतःचं काम असेल तर तुम्ही सहप्रवासी, आणि त्याच्या कामात लुडबुड करायची नाही. उत्तर मेलवर घ्या आणि त्या मेलमध्ये त्यालाही ठेवा. आपण कोणत्या नात्याने निघालोय हे पुष्कळदा त्यालाच कोणी सांगितलेलं नसतं.

२. निघण्याआधी त्याला काय काय सांगू? सगळं सांगत बसलो तर अख्खा दिवस जाईल.

बॅगेत काय भरायचं याची यादी सांगत बसू नका, ती त्याला कुठेही मिळेल. जे कुठेच लिहिलेलं नसतं ते सांगा. उदाहरणार्थ, “सातला निघू” म्हणजे सातला गाडीत बसलेलं असायचं, की सातला खाली रिसेप्शनपाशी जमायचं? प्रवासात तुम्ही झोपता, वाचता की गप्पा मारता? रात्री किती वाजेपर्यंत फोन केलेला चालेल? मीटिंगमध्ये कोण बोलणार, आणि दर किंवा मुदत कोणी विचारली तर उत्तर कोण देणार?

सगळ्यात जास्त घोळ जेवणाचा होतो. सिनिअर दमून खोलीवर जातो, काहीतरी मागवून खातो आणि झोपतो. इकडे नवखा कपडे बदलून, फोन समोर ठेवून बसलेला असतो, कारण सर बोलावतील आणि त्याआधी आपण जेवलेलं बरं दिसणार नाही. साडेदहाला तो धीर करून मेसेज टाकतो, त्याला उत्तर येत नाही, आणि तोवर खालचं किचन बंद झालेलं असतं. “आज रात्री आपापलं जेवू, सकाळी नाश्त्याला आठला भेटू” एवढं लिफ्टमध्ये सांगितलं असतं तरी हा प्रकार टळला असता. कित्येक दौऱ्यांवरचं अवघडलेपण अशा न बोललेल्या एका वाक्यामुळेच असतं. त्यामुळे निघण्याआधी पंधरा मिनिटं समोरासमोर बसाच, भलामोठा मेसेज पाठवून मोकळे होऊ नका.

३. त्याची कागदपत्रं मी तपासायची का? मोठ्या माणसाचा पासपोर्ट मागणं बरं दिसत नाही.

मागा. निस्तरता न येणाऱ्या चुका इथेच होतात, म्हणून इथे भीड नको. “चल, आपण एकमेकांचं तपासू” म्हणत स्वतःचा पासपोर्ट आधी त्याच्या हातात दिलात की अवघड वाटत नाही.

आधी नाव बघा. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट किंवा ओळखपत्रावरचं नाव जसंच्या तसं जुळलं पाहिजे. लग्नानंतर बदललेलं आडनाव, कुठे असलेलं तर कुठे गाळलेलं वडिलांचं नाव, आडनावाच्या रकान्यात पडलेलं पहिलं नाव, हे नेहमीचे घोटाळे. मग मुदत बघा. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने चालणारा पासपोर्ट लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या गटाचा) हिशेब वेगळा आहे: तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट काढून दहा वर्षं उलटलेली नसावीत. शिक्क्यांसाठी कोरी पानं आहेत का तेही पाहा. व्हिसाचा प्रकार कामाला चालणारा हवा. पर्यटनाच्या व्हिसावर “नुसती एक मीटिंग तर आहे” ही सबब इमिग्रेशनच्या खिडकीवर चालेलच असं नाही. वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही बघून ठेवा.

आणि मध्यरात्रीच्या विमानाची तारीख. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:३०. याचा अर्थ १४ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर. नवखा १५ च्या रात्री बॅग घेऊन पोचतो, तोवर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात.

४. दोघांची तिकिटं एकत्रच काढावीत का?

शक्यतो हो. दोघं एकाच पीएनआरवर असलात की विमान रद्द झालं तर नव्या विमानात सोबत जागा मिळण्याची शक्यता जास्त. त्याची एक कटकटही आहे. परतीला एकालाच तारीख बदलायची झाली तर आधी पीएनआर वेगळा करून घ्यावा लागतो. दोघांचं परतणं वेगळं होण्याची शक्यता दिसत असेल तर सुरुवातीलाच वेगळी काढा, विमानं मात्र तीच धरा.

खरी जपायची गोष्ट दुसरीच आहे. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटात हवेत. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर एकाच तिकिटावर पुढची सोय विमान कंपनी करते. टप्प्यांची वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी, आणि पैसेही बुडाले. त्याला आणखी एक सांगून ठेवा: पहिला टप्पा गाळून मधूनच चढायचं नाही. पहिल्या टप्प्याला हजर नसलं की त्या तिकिटावरचे पुढचे टप्पे, परतीच्या प्रवासासकट, बहुतेक कंपन्या रद्द करतात. “मी आधीच तिकडे मावशीकडे गेलोय, तिथूनच बसतो” म्हणणारे असतात.

५. तो पहिल्यांदाच विमानात बसणार आहे असं वाटतं, पण सांगत नाही. विचारू का?

चारचौघांत तर नकोच, एकांतातही गरज नाही. तुम्ही एक पाऊल पुढे राहा आणि जे करताय ते पुटपुटत करा: “लॅपटॉप बाहेर काढू, पट्टा काढू, खिशातली चिल्लर बॅगेत टाकू.” तो बघून करेल. खिडकीची जागा त्याला द्या.

उतरताना कानात दडे बसतात, हे आधी कानावर घाला. गिळणं, जांभई देणं किंवा नाक दाबून हलकेच फुंकणं यांनी ते सुटतात. सर्दी जोरात असेल तर दुखणं वाढतं, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं चांगलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट शब्दांत सांगा. बोर्डिंग पासचा फोटो कुठेही टाकायचा नाही. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर तिकीट उघडतं, आणि नुसता बारकोड दिसला तरी त्यात दोन्ही असतात. पहिल्या विमानप्रवासाचा फोटो टाकायची हौस असणारच. खिडकीबाहेरच्या पंखाचा टाक म्हणावं.

६. सामानात नवख्यांचं हमखास काय चुकतं?

पॉवर बँक. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यावर बंदी. पॉवर बँकेवर बहुधा एमएएच (मिलिअँपिअर-अवर) छापलेलं असतं. त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, म्हणजे चालतं. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडवतात. अलीकडे अनेक कंपन्यांनी उड्डाणात ती वापरायलाही मनाई केली आहे, तेव्हा फोन आधीच चार्ज करून निघा. शिवाय विमान भरलेलं असलं की दारातच केबिन बॅग काढून घेतात आणि खाली सामानात टाकतात. त्या गडबडीत पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं आणि लॅपटॉप काढून घ्यायचं नवख्याच्या लक्षात येत नाही. तेवढं आठवण करून द्या.

द्रव पदार्थांचं माप बाटलीचं असतं, आतल्या मालाचं नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी घोटभर शाम्पू असला तरी ती १०० मिलीच्या नियमात बसत नाही. नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांवर हा नियम सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर तसंच असेल असं धरून चालू नका.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. काही देशांत साध्या वाटणाऱ्या गोळ्याही नियंत्रित असतात.

७. आमच्याकडे नमुने आणि मोजमापाचं उपकरण आहे. ते नवख्याच्या बॅगेत टाकलं तर चालेल का?

वजनाच्या दृष्टीने चालेल, कस्टमच्या दृष्टीने विचार करा. कस्टमच्या लाल (जाहीर करायचं काही आहे) आणि हिरव्या (काही नाही) वाटेच्या तोंडाशी उभं राहून “हे कोणाचं, कशासाठी, परत नेणार का” याला उत्तर देणारा माणूस तुम्हीच असायला हवा. परत आणायचं उपकरण दुसऱ्या देशात नेताना एटीए कार्नेट नावाचा कागद काढता येतो. ही व्यवस्था १९६१ च्या करारावर चालते, कार्नेट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, आणि ते मानणाऱ्या देशांत जकात न भरता वस्तू तात्पुरती नेता येते. वाटून टाकायच्या किंवा वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. जाताना, तिकडे शिरताना, तिथून निघताना आणि घरी परतल्यावर असे सगळे शिक्के मारून घ्यायचे. परतीच्या घाईत एखादा शिक्का राहिला की वस्तू तिकडेच राहिली असं धरून जकातीची मागणी येऊ शकते. कार्नेटची फाइल तुमच्याच हातात ठेवा.

८. त्याची बॅग आलीच नाही. आता?

विमानतळाबाहेर पडायचं नाही. आधी बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआरचा, म्हणजे सामानाच्या तक्रारीच्या नोंदीचा, क्रमांक घ्यायचा. बॅगेचा टॅग असलेली पट्टी लागेल, नवख्याने ती कचऱ्यात टाकलेली असू शकते, म्हणून बॅग देतानाच तिचा फोटो काढायला लावा. पट्टीवरचा तीन अक्षरी कोड शेवटच्या मुक्कामाचा आहे ना, हेही तेव्हाच बघा.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल तर बॅग मोडून आल्यास ७ दिवसांत आणि उशिरा आल्यास हाती पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशाला १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. मध्यंतरी घेतलेल्या गरजेच्या कपड्यांच्या पावत्या जपा.

उद्या सकाळी मीटिंग आणि अंगावर प्रवासातला टी-शर्ट, ही वेळ येऊ नये म्हणून एक जोड कपडे केबिन बॅगेत ठेवायला प्रश्न २ च्या बैठकीतच सांगून टाका.

९. खर्च कोणी करायचा? दर वेळी मीच पाकीट काढायचं का?

नाही, आणि त्यालाही काढायला लावू नका. नवख्याच्या खात्यात महिन्याच्या शेवटी किती उरतं हे तुम्हाला माहीत नसतं. पैसे नंतर मिळतील हे खरं, पण नंतर म्हणजे कधी? अकाउंट्सकडून त्याला ॲडव्हान्स मिळेल हे निघण्याआधी बघा. हा तुमचा निरोप असेल तर काम लवकर होतं, तो स्वतः विचारायला कचरतो.

हॉटेलात चेक-इनला कार्डावर डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा घटते. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस जाऊ शकतात. ते कार्ड ऑफिसचं किंवा तुमचं असू द्या. परदेशात मशीन “तुमच्या चलनात घेऊ की इथल्या?” असं विचारतं, तेव्हा तिथलं चलन निवडा. आपल्या चलनातला दर बहुधा महाग पडतो.

पावत्या रोज रात्री फोनमध्ये. थर्मल कागदावरची शाई उन्हात, पाकिटात पुसट होते, आणि कोऱ्या कागदावर कोणी पैसे देत नाही. खोट्या किंवा संशयास्पद बिलाचा प्रश्न १८ मध्ये आहे.

१०. ऑफिसने दोघांना एकच खोली दिली आहे. नाही म्हणता येतं का?

म्हणता येतं, आणि बोलायचं तुम्हीच. नव्या माणसाकडून नकार निघणार नाही, तो रात्रभर तुमच्या घोरण्यात जागा राहील आणि सकाळी “छान झोप लागली सर” म्हणेल. खोली खरंच मिळणार नसेल तर आंघोळीची वेळ, दिवा कधी बंद, गजर किती वाजता, घरचा फोन कुठे घ्यायचा, एवढं आल्या आल्या ठरवा. वेगळ्या लिंगाच्या सहकाऱ्यांना एक खोली, यावर चर्चाच नको. बुकिंग बदलून घ्या.

११. संध्याकाळी त्याला घेऊन फिरायलाच हवं का? मला एकटं बसायचं असतं.

अजिबात नको. त्यालाही तुमच्यापासून सुटका हवी असते, फक्त तो म्हणत नाही. पहिल्या संध्याकाळी एकत्र जेवा, मग मोकळं सोडा. आपापल्या वाटेने जाताना दोन गोष्टी पक्क्या करा: हॉटेलचं नाव-पत्ता फोनखेरीज कागदावरही त्याच्याजवळ हवा, आणि खोलीत पोचल्यावर एक मेसेज. फोनची बॅटरी संपली की नवख्याला हॉटेलचं नावसुद्धा आठवत नाही.

१२. मीटिंगमध्ये तो चुकीचं बोलला. तिथेच दुरुस्त करू की नंतर?

काय बोलला त्यावर आहे. तारीख, दर, मुदत किंवा “हो, करून देऊ” असा शब्द गेला असेल तर तिथेच, त्याच क्षणी. पण त्याला खोडून नाही. “यात एक भर घालतो, ही मुदत आम्हाला आत एकदा तपासावी लागेल, शुक्रवारपर्यंत लेखी कळवतो.” समोरच्याला दुरुस्ती कळते, सोबतचा उघडा पडत नाही. बाकी चुका म्हणजे नावाचा उच्चार, क्रम, एखादा जुना संदर्भ. त्या सोडून द्या, गाडीत बसल्यावर बोला.

गाडीत लगेच सुरुवात करू नका. “तुला कशी वाटली मीटिंग?” असं विचारून थांबा. निम्म्या वेळा तो स्वतःच म्हणतो, “सर, मी ते मुदतीचं बोलायला नको होतं.” मग तुम्हाला फक्त पुढच्या वेळी काय म्हणायचं ते सांगायचं उरतं. आणि ड्रायव्हर ऐकतोय हे विसरू नका. कामाचंही आणि त्याच्या अब्रूचंही.

१३. उलट माझ्या सोबतचा तोंडच उघडत नाही. समोरच्यांना वाटतं हा कशाला आलाय.

त्याला एक तुकडा द्या, आधी सांगून. “तिसऱ्या मुद्द्यावरची माहिती तू द्यायचीस” एवढं आदल्या रात्री ठरलं की तो तयारी करतो. ऐन मीटिंगमध्ये “आमचा हा सांगेल” म्हणून चेंडू टोलवलात तर पुढच्या दौऱ्यावरही तो गप्प बसेल. ओळख करून देताना ‘नवीन आहे’ म्हणू नका. तो काय काम बघतो ते सांगा. टिपणं त्याच्याकडे द्या, पण सगळ्याच मीटिंगांत फक्त टिपणं नकोत.

१४. लांबच्या प्रवासात तो पहिल्या दिवशी डुलक्या घेतो. काय करावं?

वेळापत्रक बदला, माणसाला बोलू नका. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला तासभर सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना पश्चिमेपेक्षा जास्त त्रास होतो. महत्त्वाची मीटिंग पोचल्याच्या दिवशी ठेवू नका. सकाळच्या उजेडात दोघं चालून या, दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. तुम्ही सरावलेले आहात म्हणजे तुम्हाला त्रास होत नाही असं नाही, तुम्हाला तो लपवता येतो इतकंच.

प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा की बसचा, चार तासांवर बसून राहायचं असेल तर मधूनमधून उठायला लावा. एवढा वेळ सलग बसल्याने पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं आहे. एरवीच्या निरोगी माणसाला हा धोका मुळात कमी असतो, तेव्हा घाबरवू नका. मधली सीट मिळालेला नवखा शेजाऱ्याला उठवायला संकोचून जागचा हलत नाही, म्हणून त्याला कडेची द्या. (प्रश्न ५ मधली खिडकी छोट्या प्रवासापुरती.)

१५. मी पुरुष, सहकारी नवीन मुलगी. वेगळं काय पाळायचं?

कामात काहीही वेगळं नाही. मीटिंगमधून तिला वगळणं, रात्रीच्या जेवणाच्या बैठकीला “तू कशाला दमतेस” म्हणून न नेणं, हे सौजन्य नव्हे. त्यात तिचं नुकसान आहे. निर्णय तिला घेऊ द्या.

राहण्या-फिरण्यात काही गोष्टी पाळा. कामाची चर्चा खोलीत नाही, लॉबीत. रिसेप्शनवरचा माणूस खोलीचा नंबर मोठ्याने बोलला तर तिने खोली बदलून मागणं रास्त आहे, तुम्ही पाठिंबा द्या. रात्री उशिरा पोचणारं विमान आणि पुढे लांब टॅक्सी, असा बेत बुकिंगच्या वेळीच टाळा. क्लायंटकडचा कोणी नको ती सलगी करत असेल तर “तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस” हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. तिथून उठा, तिला विचारा काय करायचं, आणि ऑफिसच्या तक्रार समितीकडे जायचं तिने ठरवलं तर साक्षीदार म्हणून उभे राहा.

१६. नवखा माझ्यापेक्षा वयाने आणि पदाने मोठा आहे. त्याला कसं सांगायचं?

शिकवल्यासारखं सांगायचं नाही. “सर, तुमचं वेब चेक-इन मी करून टाकू का?” असं काम अंगावर घ्या, नियमांवर प्रवचन नको. पासपोर्ट तपासायचा तर “ट्रॅव्हल डेस्कला दोघांच्या प्रती लागतात” म्हणून मागा आणि खरोखर पाठवाही. तिकिटं, पत्ते, वेळा असं सगळं एका पानावर छापून आदल्या दिवशी त्यांच्या हातात द्या. मोबाइलवर शोधाशोध करताना अनेक ज्येष्ठांची चिडचिड होते, आणि ती तुमच्यावर निघते. गेट बंद होण्यासारख्या बाबतीत मात्र आदर बाजूला ठेवून “सर, चला” म्हणा.

१७. विमानतळावर तो तपासणीत अडकला आणि गेट बंद होतंय. मी चढू की थांबू?

आधी गेटवरच्या माणसाला सांगा की सोबतचा तपासणीत आहे. ते तिकडे विचारू शकतात. तरी जमलं नाही तर प्रश्न एवढाच: पुढची मीटिंग तुमच्याशिवाय होईल का? होणार नसेल तर चढा. दोघंही राहिलात तर ऑफिसचं नुकसान दुप्पट आणि त्याच्या डोक्यावरचं ओझंही. चढण्याआधी त्याला फोन करून कोणत्या काउंटरवर जायचं, काय म्हणायचं, पैसे कुठून भरायचे आणि ट्रॅव्हल डेस्कचा नंबर सांगा. त्याच्या आवाजावरून तो चालतोय की बसलाय ते कळतं. बसला असेल तर आधी उठायला सांगा, मग पुढचं.

याला तीन अपवाद आहेत. तो आजारी असेल, पोलिसांनी किंवा इमिग्रेशनने ताब्यात घेतला असेल, किंवा परक्या देशात त्याला तिथली कोणतीच भाषा येत नसेल, तर थांबा. मीटिंग पुढे ढकलता येते. इमिग्रेशनचा मामला असेल तर तुमच्या देशाच्या दूतावासाचा नंबर आणि ऑफिसचा फोन, दोन्ही लगेच. न कळणाऱ्या कागदावर त्याने सही करू नये, एवढं मात्र त्याच्यापर्यंत पोचवा.

१८. परतल्यावर त्याच्या बिलांत एक जेवण दोनदा लागलेलं दिसलं. सांगू का? आणि बॉसने “कसा होता?” विचारलं तर?

हिशेब सादर झालेला नसेल तर त्यालाच सांगा: “हे बिल माझ्याही हिशेबात आहे, तू काढून टाक.” दोघं एकत्र जेवल्यावर एकच बिल दोघांनी लावणं हे नव्यांच्या बाबतीत बहुधा अज्ञान असतं. सादर झालं असेल तर अकाउंट्सला दुरुस्तीचा मेल त्याने स्वतः पाठवावा, तुमचं नाव प्रतीत. पण बिलावरचा आकडा खोडून वाढवलेला असेल तर ते अज्ञान नव्हे. ते साहेबांना सांगायचं, आणि मी सांगणार आहे हे आधी त्याला सांगायचं.

“कसा होता?” याला एखाद्या विशेषणात उत्तर देऊ नका. काय केलं ते सांगा: तिसरा मुद्दा त्याने मांडला, मुदतीबद्दल घाई केली, दुसऱ्या दिवशी स्वतःहून सावरली, बॅग हरवल्यावर तक्रार त्याने एकट्याने नोंदवली. प्रवासातल्या वैयक्तिक गोष्टी, म्हणजे विमानात घाबरला, घरच्या फोनवर रडला, इंग्रजी मेनू वाचता आला नाही, या ऑफिसात न्यायच्या नाहीत. चहाच्या टेबलावर गंमत म्हणूनही नाही.